नेट न्यूट्रॅलिटीचा नियम नेमका कोणावर आहे?

आपण तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे शेवटी इंटरनेटवर सरकारी नियंत्रणच नव्हे काय. अमेरिकेत तो नियम रद्द होऊनही तिथे काही कोसळले नाही, मग भारतात तो कशासाठी हवा. आणि गरीब माणसाला एखादी कंपनी थोडे इंटरनेट फुकट देत असेल तर ते अडवून कोणाचे भले झाले. मी गेली बावीस-तेवीस वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या लहान आणि मध्यम इंटरनेट सेवा पुरवठादारांकडे नेटवर्क अभियंता म्हणून काम करतो आहे. कायदा हा माझा व्यवसाय नाही. परंतु कायद्याने जे करायचे किंवा करायचे नाही असे ठरते, ते प्रत्यक्ष राउटरवर उतरवण्याचे काम माझ्यासारख्यांकडे येते. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण तिन्ही प्रश्न त्याच्याच पोटी जन्मले आहेत. ‘इंटरनेटचे नियमन’ या एका शब्दप्रयोगात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. एक नियमन तारेच्या मालकावर असते: तुझ्या तारेतून जाणारे पॅकेट (म्हणजे माहितीचा छोटा तुकडा) कोणाचे आहे हे पाहून ते अडवू नकोस, मुद्दाम रेंगाळत ठेवू नकोस, आणि कोणाकडून पैसे घेऊन त्याचे पॅकेट पुढे काढू नकोस. दुसरे नियमन त्या तारेतून काय वाचले, बोलले आणि पाहिले जाते त्यावर असते: हे संकेतस्थळ बंद करा, ही पोस्ट काढून टाका, या जिल्ह्यात उद्या सकाळपर्यंत मोबाइल डेटा थांबवा. नेट न्यूट्रॅलिटी पहिल्या प्रकारात मोडते. दोन्हीकडे सरकार दिसते म्हणून दोन्ही एकच मानणे म्हणजे रेशन दुकानदाराचा वजनकाटा तपासणे आणि गिऱ्हाइकाने काय शिजवावे हे ठरवणे यांत फरक नाही असे म्हणण्यासारखे आहे. मात्र हे सांगून मी सरकारला मोकळे सोडत नाही. आपल्याकडे या दोन नियमनांची मुळे एकाच कायद्यात गुंतलेली आहेत आणि त्या गुंत्याकडे पुढे यावे लागेल.

पॅकेटमध्ये भेद करणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मी एका कबुलीने सांगतो. साधारण २००७-०८ च्या सुमाराची गोष्ट आहे. मी ज्या कंपनीत होतो तिच्याकडे वरच्या पुरवठादाराकडून घेतलेली ३४ एमबीपीएसची एक लिंक होती आणि तिच्यावर हजारभर घरे व काही सायबर कॅफे चालत. संध्याकाळी सात ते अकरा ही लिंक काठोकाठ भरे आणि फोन वाजू लागत. मालकांनी विचारले, एवढे कोण खाते आहे? मी आलेख काढून दाखवला: टॉरेंट, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून मोठ्या फायली उतरवण्याची पद्धत. दुसऱ्याच दिवशी टॉरेंटला लिंकच्या दहा टक्क्यांत बांधून टाकणारा नियम मी लिहिला आणि त्याचा मला अभिमानही वाटला. पंधरा दिवसांत टॉरेंटवाल्यांनी एन्क्रिप्शन चालू केले, म्हणजे मजकूर सांकेतिक करून टाकला, पोर्ट क्रमांक बदलले, आणि माझ्या नियमाला ते ओळखू येईनासे झाले. मग मी चिडून उलटा नियम लिहिला, की जे ओळखता येत नाही ते सगळे हळू. त्या रात्रीपासून एका कारखान्याचे परदेशातल्या मुख्य कार्यालयाशी जोडलेले व्हीपीएन (इंटरनेटवरूनच जाणारी सांकेतिक खासगी जोडणी) लंगडू लागले, लिनक्सच्या फायली उतरवणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी वैतागले, आणि एका गृहस्थाचा अमेरिकेतल्या मुलाशी होणारा व्हिडिओ कॉल रोज त्याच वेळेला तुटू लागला. तो कॉल मी तोडत होतो हे त्यांना कधी कळले नाही. त्यांना वाटे, मुलाकडचेच नेट खराब आहे.

शेवटी उपाय सापडला तो असा: गर्दीच्या वेळी प्रत्येक ग्राहकाला लिंकचा सारखा वाटा द्यायचा, आणि त्या वाट्यात तो टॉरेंट चालवतो की ई-मेल पाठवतो याकडे पाहायचेच नाही. रांगेची ही मांडणी बदलल्यावर तक्रारी आठवड्याभरात ओसरल्या. नेमक्या त्याच काळात अमेरिकेत कॉमकास्ट ही मोठी केबल कंपनी बिटटॉरेंटच्या जोडण्या मध्येच खोटी तोड-सूचना पाठवून तोडत असल्याचे उघडकीस आले होते; तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००८ मध्ये तिला फटकारले आणि त्यानंतर कॉमकास्टनेही वापराचा प्रकार न पाहता गर्दी हाताळण्याची पद्धत स्वीकारली. ‘नेटवर्क चालवायचे तर भेद करावाच लागतो’ हा युक्तिवाद जेव्हा दूरसंचार कंपन्या करतात, तेव्हा मला हे आठवते. गर्दी आवरावी लागते, हे खरे आहे. त्यासाठी पॅकेटच्या पोटात डोकवावे लागते, हे बहुतेक वेळा खरे नसते. पाटकऱ्याने पाळी लावावी, पण शेतकऱ्याचे नाव पाहून दार उघडू-मिटू नये. (पाटबंधारे खाते पीक पाहूनच पाणी मंजूर करते, हे मला ठाऊक आहे, म्हणून ही उपमा इथेच सोडतो.)

गर्दीच्या नावाखाली भेद करण्यापेक्षा खरा धोका निराळा आहे आणि तो पैशांशी निगडित आहे. तारेच्या मालकाला त्याच तारेतून जाणारी एखादी सेवा स्वतःच्या धंद्याला मारक वाटू लागली, की तिला अडवण्याचे साधन त्याच्या हातात आयतेच असते. भारतात याचे पहिले उदाहरण खासगी कंपनीचे नाही, सरकारी कंपनीचे आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, आणि परदेशी फोनच्या मिळकतीवर उभी असलेली हीच कंपनी काही वर्षे इंटरनेटची एकमेव पुरवठादार होती. इंटरनेटवरून परदेशात बोलणे म्हणजे तिच्या आयएसडीच्या उत्पन्नाला भोक. साहजिकच इंटरनेट टेलिफोनी आपल्याकडे निषिद्ध होती आणि ती अधिकृतपणे खुली झाली १ एप्रिल २००२ ला. माझ्या नोकरीची सुरुवात त्याच सुमाराची. तोवर लपूनछपून चालणाऱ्या नेट-फोनच्या पाट्या त्यानंतर सायबर कॅफेंच्या दारावर उजळ माथ्याने लागल्या, हे मी पाहिले आहे.

बारा वर्षांनी तेच नाट्य पात्रे बदलून झाले. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने स्काइप, व्हायबर यांसारख्या सेवांवरून केलेल्या कॉलसाठी वेगळे डेटा पॅक लावण्याचे जाहीर केले आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच ते मागे घेतले. ग्राहकाने डेटाचे पैसे आधीच भरलेले असताना त्या डेटातून तो बोलतो की वाचतो यावरून दर बदलावा, असा हा प्रयत्न होता. त्यानंतर २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या स्काइप-व्हॉट्सॲपसारख्या, सेवांच्या नियमनाविषयी ११८ पानांचे सल्लामसलतपत्र काढले आणि वीस प्रश्नांवर मते मागवली. त्या पत्राचा रोख बराचसा दूरसंचार कंपन्यांच्या गाऱ्हाण्याकडे झुकलेला होता: या ॲपवाल्यांना परवाना घ्यायला लावावा काय, त्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा काय. एरवी अशा पत्राला कंपन्या, त्यांच्या संघटना आणि चार-दोन अभ्यासक उत्तरे देतात. या वेळी दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. ट्रायने ते सगळे पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकून दिले, हा विनोद वेगळाच.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘एअरटेल झिरो’ची योजना पुढे आली. तिच्यात ॲपची कंपनी एअरटेलला पैसे देणार आणि ग्राहकाला ते ॲप वापरताना डेटा लागणार नाही, अशी कल्पना होती. फ्लिपकार्ट तिच्यात सामील होण्याच्या बेतात होते, परंतु लोकांनी ॲपला एकेक तारा देऊन राग व्यक्त करायला सुरुवात केल्यावर त्याने अंग काढून घेतले. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडे थांबतो.

फुकट देण्याचा याहून मोठा प्रयोग फेसबुकचा होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ सुरू झाले, आणि सुरुवातीच्या मोजक्या परिमंडळांत महाराष्ट्र होता. पुढे सप्टेंबरमध्ये त्याचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. त्यात फेसबुकने ठरवलेल्या तांत्रिक अटी पाळणारी मोजकी संकेतस्थळे विनाशुल्क उघडत; बाकीच्या जगासाठी पैसे. समर्थकांचा युक्तिवाद सोपा आणि वरवर पाहता बिनतोड होता: ज्याच्याकडे काहीच नाही त्याला निदान काही तरी मिळू द्या. अभियंता म्हणून मला त्यातली एक गोष्ट खटकत होती. सगळी ये-जा फेसबुकच्या मध्यस्थ सर्व्हरमार्गे होत असे. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या सहकारी संस्थेने चांगले, हलके संकेतस्थळ केले, तरी ते फुकटच्या यादीत यायचे की नाही हे ट्राय ठरवणार नव्हती, ग्राहक ठरवणार नव्हता, आणि ज्याच्या तारेतून ते जाणार तो पुरवठादारही पुरते ठरवणार नव्हता. पहिल्यांदाच इंटरनेट पाहणाऱ्या माणसाला ते दाखवण्याची खिडकी एका जाहिरात विकणाऱ्या कंपनीच्या हाती जाणार होती.

ट्रायने ९ डिसेंबर २०१५ रोजी दरभेदाविषयी वेगळे सल्लामसलतपत्र काढले. फेसबुकने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, आणि आपल्या वापरकर्त्यांना एका क्लिकवर ट्रायला पाठवता येईल असा तयार मजकूर पुरवला. लाखो पत्रे गेली. त्यांत विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरेच नाहीत, असे ट्रायने जाहीरपणे सुनावले. एका वर्षात हीच संस्था लोकांच्या पत्रांच्या पुराने एकदा वळली आणि दुसऱ्यांदा वळली नाही, हे मला लक्षणीय वाटते. दोन्ही वेळी पत्रे ठरावीक नमुन्यातली होती. फरक एवढाच की पहिल्या वेळची पत्रे प्रश्नावलीला धरून होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, आर. एस. शर्मा अध्यक्ष असताना, ट्रायने डेटा सेवांतील भेदभावपूर्ण दरांना मनाई करणारे विनियम काढले. मजकूर पाहून दर ठरवायचा नाही. मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख दंड. आणीबाणीच्या सेवांना सूट. तीन दिवसांत फेसबुकने भारतातले ‘फ्री बेसिक्स’ गुंडाळले.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. या मनाईबरोबर स्वस्तातले व्हॉट्सॲप पॅक, फेसबुक पॅक हेही गेले, आणि ते श्रीमंतांचे नव्हते. ऊसतोडीला गेलेला मुलगा गावी आईशी त्याच पॅकवर बोलत असे. त्या वेळी मला या बंदीविषयी शंका होती आणि मी ती लपवत नाही. ती शंका मिटली ती ट्रायच्या तर्काने नव्हे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, दरांची पडझड झाली, आणि ‘गरिबाला फक्त व्हॉट्सॲप परवडते’ हा युक्तिवादच वर्षभरात निकालात निघाला. याचे श्रेय नियमाला देणे चुकीचे होईल. पण नियमाने एक गोष्ट केली: दर पडले तेव्हा ते साऱ्या इंटरनेटचे पडले, निवडक ॲपचे पडले नाहीत. नियम नसता तर तीच स्पर्धा कदाचित ‘आमच्याकडे हे ॲप फुकट, त्यांच्याकडे ते’ अशा वाटेने गेली असती. आणि ज्या नव्या कंपनीकडे कोणत्याच दूरसंचार कंपनीला द्यायला पैसे नाहीत, तिला तोवर दार बंद झाले असते. फुकट द्यायचेच असेल तर कसे द्यावे, याचेही उत्तर ट्रायने डिसेंबर २०१६ मध्ये दिले होते: ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी डेटा, सरकारी निधीतून, आणि तो त्याने हवा तिथे वापरावा.

दराचा प्रश्न असा मिटला, वेगाचा आणि अडवणुकीचा राहिला होता. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी ट्रायने त्यावर शिफारशी दिल्या, ११ जुलै २०१८ रोजी दूरसंचार आयोगाने त्या मान्य केल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस परवान्यांच्या अटींत त्या घातल्या गेल्या. अडवणे, दर्जा उतरवणे, वेग कमी करणे किंवा एखाद्याला जास्त वेग देणे, हे सारे निषिद्ध. वाजवी वाहतूक व्यवस्थापनाला परवानगी. अपवाद आहेत, आणि माझ्या मते महत्त्वाचे ते दोन. ‘विशेष सेवा’ म्हणजे ज्या चालण्यासाठी ठरावीक दर्जाची हमी लागते आणि ज्या साध्या इंटरनेटची जागा घेत नाहीत अशा सेवा, त्या नियमाबाहेर आहेत. तसेच पुरवठादाराच्या स्वतःच्या नेटवर्कात ठेवलेले, सार्वजनिक इंटरनेटवरून न जाणारे मजकूर-वितरणाचे कॅश सर्व्हर, म्हणजे लोकप्रिय मजकुराच्या प्रती जवळच साठवणारी यंत्रे, बाहेर आहेत.

या दुसऱ्या अपवादाची व्याप्ती बाहेरच्या माणसाला कळत नाही. आज आपण पाहता त्या व्हिडिओंपैकी बराच भाग समुद्राखालच्या केबलमधून त्या क्षणी येत नसतो; तो पुरवठादाराच्या खोलीत ठेवलेल्या कॅशमधून येतो. हे कॅश मोठ्या कंपन्याच बसवू शकतात. म्हणजे कोणतेही पॅकेट न अडवता, कोणताही नियम न मोडता, मोठ्याचा व्हिडिओ पटकन आणि छोट्याचा रखडत येतो. हे अन्यायकारक आहे काय? माझे उत्तर ‘पूर्णपणे नाही’ असे आहे, कारण कॅशमुळे वरची लिंक मोकळी होते आणि त्याचा फायदा छोट्यालाही मिळतो. परंतु याच जागेत नियमाला चुकवण्याची सर्वांत सोपी वाट आहे. मला एखाद्याला त्रास द्यायचा असेल तर मी राउटरवर त्याच्याविरुद्ध ओळसुद्धा लिहिणार नाही. ज्या जोडणीतून त्याची रहदारी येते ती भरत आली तरी तिची क्षमता वाढवणार नाही, एवढे पुरे. अमेरिकेत २०१४ च्या सुरुवातीला नेटफ्लिक्स आणि कॉमकास्ट यांच्यातला वाद नेमका अशा भरलेल्या जोडण्यांवरचा होता आणि तो नेटफ्लिक्सने थेट जोडणीसाठी पैसे मोजल्यावर मिटला. यंत्राने केलेला भेद पुराव्यासह पकडता येतो. न केलेली गुंतवणूक पकडणे फार कठीण आहे.

अंमलबजावणीविषयी ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा शिफारशी दिल्या, ज्यात पुरवठादार, मजकूर कंपन्या, संशोधक आणि ग्राहक अशा सर्वांची एक संस्था असावी असे म्हटले होते. कल्पना चांगली आहे. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मात्र राउटरवरची रांगेची मांडणी पाहायला कोणी अधिकारी आल्याचे मला आठवत नाही. लोक वेग मोजतात, पण स्पीड टेस्टचा सर्व्हर बहुधा पुरवठादाराच्याच नेटवर्कात असतो, त्यामुळे बाहेरच्या वाटेवरची अडचण तिच्यात दिसत नाही. ‘टेस्ट शंभर दाखवते आणि व्याख्यान अडखळते’ ही तक्रार त्यातून येते.

आता अमेरिका. आपण म्हणता तिथे नियम गेला आणि काही बिघडले नाही. आधी घटनाक्रम पाहा. २००५ मध्ये मॅडिसन रिव्हर नावाच्या छोट्या कंपनीने इंटरनेट फोन अडवल्याबद्दल तिला १५,००० डॉलर भरावे लागले. २०१५ मध्ये टॉम व्हीलर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे अध्यक्ष असताना कठोर नियम आले. डिसेंबर २०१७ मध्ये अजित पै अध्यक्ष असताना ते रद्द झाले. एप्रिल २०२४ मध्ये ते परत आणले गेले. आणि २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ते पुन्हा उडवले. या हेलकाव्यांचे कारण नेट न्यूट्रॅलिटी बरी की वाईट हे नाही. तिथे वीस वर्षे भांडण एका वर्गीकरणावर चालले आहे: ब्रॉडबँड ही १९३४ च्या कायद्याखालची ‘दूरसंचार सेवा’ आहे, की निव्वळ ‘माहिती सेवा’? पहिली मानली तर आयोगाला अधिकार, दुसरी मानली तर नाही. शिवाय केंद्रीय नियम गेला तरी कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये स्वतःचा कायदा केला. इतर काही राज्यांनीही पावले उचलली. देशभर एकच नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीला एका मोठ्या राज्यात भेद करता येत नसेल तर इतरत्र तो करणे गैरसोयीचे ठरते. वर नियम केव्हाही परत येईल ही भीती. ‘नियम नसताना काही झाले नाही’ असे म्हणण्याइतका मोकळा काळ तिथे फारसा आलेलाच नाही.

भारतात तो वर्गीकरणाचा वाद उद्भवला नाही, आणि याचे कारण अभिमान वाटण्यासारखे नाही. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्राचा विशेषाधिकार सरकारकडे ठेवला होता. त्याच्या कलम ४ खाली परवाना घेतल्याशिवाय कोणालाही इंटरनेट विकता येत नसे. म्हणून सरकारने मनात आणताच परवान्यात एक अट वाढवली आणि नेट न्यूट्रॅलिटी आली. पण त्याच अधिनियमाच्या कलम ५ मध्ये संदेश अडवण्याचा अधिकार होता, आणि त्याच्याच आधारे २०१७ मध्ये दूरसंचार सेवा तात्पुरत्या स्थगित करण्याचे नियम झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट बंद झाले, तेव्हा तारेच्या मालकाने कोणाशीही भेद केला नव्हता; सर्वांना सारखेच शून्य मिळाले. कंपनीला भेद करू न देणारा हात आणि जिल्ह्याचे इंटरनेट मिटवणारा हात एकाच देहाचे आहेत. आपल्या पहिल्या प्रश्नातली भीती मला पटते ती इथे.

आपल्या नियमाची खरी उणीवही हीच आहे. तो पुरवठादाराला बांधतो, सरकारला बांधत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचे, संकेतस्थळे व मजकूर अडवण्याचे, आदेश गोपनीय असतात आणि आम्हाला ते पाळावेच लागतात. २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या सांगण्यावरून ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश आला, त्यांत गिटहब आणि व्हिमिओ होते. देशभरातले प्रोग्रामर गिटहबच्या ज्या भांडारात आपले काम ठेवतात ते एका आक्षेपार्ह मजकुरासाठी सरसकट बंद. पुढे टप्प्याटप्प्याने उघडले गेले. पुढे संसदीय समितीच्या सूचनेनंतर ट्रायने जुलै २०२३ मध्ये विचारलेला प्रश्न असा होता, की दंगलीच्या काळात सारे इंटरनेट बंद करण्याऐवजी निवडक ॲप बंद करावीत काय. ऐकायला हे सौम्य वाटते. प्रत्यक्षात एका ॲपचा पत्ता दहा इतर सेवांशी सामाईक असतो, बहुतेक संवाद एन्क्रिप्टेड असतो, आणि अचूक वेचण्यासाठी जी पॅकेट तपासणारी यंत्रे बसवावी लागतील ती दंगल संपल्यावर कोणी काढून नेणार नाही. ज्या यंत्राने मी २००७ मध्ये टॉरेंट शोधत होतो, त्याचीच ही थोरली बहीण. एकदा ती नेटवर्कात आली की तिचा धंद्यासाठी वापर करण्याचा मोह किती काळ आवरेल, याची खात्री मी माझ्या स्वतःबद्दलही दिली नसती.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेट स्थगितीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि अनिश्चित काळासाठी बंदी चालणार नाही असे सांगितले. त्याचा उपयोग झाला, कारण आदेश मागण्याचा आधार मिळाला. नेट न्यूट्रॅलिटीच्या अटीला असा आधार अजून नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तिचे नावही नाही; जुन्या परवान्यांच्या जागी अधिकृतता देण्याची पद्धत येत असताना ती अट नव्या कागदात जशीच्या तशी उतरते की मध्येच गळते, हे पाहणे मला कोणत्याही भाषणापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते.

दूरसंचार कंपन्यांची सध्याची मागणी याच संधीकडे डोळा ठेवून आहे: जास्त रहदारी निर्माण करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नेटवर्कच्या खर्चात ‘न्याय्य वाटा’ द्यावा. नेटवर्क उभारणे महाग आहे हे मी नाकारणार नाही. पण रहदारी कंपनी ढकलत नाही, ग्राहक मागवतो, आणि त्याने त्याचे पैसे भरलेले असतात. दक्षिण कोरियाने २०१६ पासून रहदारी पाठवणाऱ्याच्या नेटवर्कने पैसे द्यावेत अशी पद्धत आणली. ट्विच या थेट व्हिडिओ दाखवणाऱ्या सेवेने तिथे २०२२ मध्ये व्हिडिओचा दर्जा उतरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, नेटवर्क शुल्क इतर देशांच्या मानाने दसपट असल्याचे सांगून, देश सोडला. मोठी परदेशी कंपनी गेली याचे दुःख कोणाला नसेल. पण तोच दर उद्या मराठीत शिकवणारे व्हिडिओ ठेवणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेला लागला तर ती कुठे जाणार?

राहिली एक व्यावहारिक बाब, जी आपण विचारली नाही पण विचारायला हवी होती: आपल्या नेटवर भेद होतो आहे हे ओळखायचे कसे. गर्दीच्या वेळी एखादीच सेवा रखडत असेल, तर तीच सेवा त्याच जोडणीवरून व्हीपीएन लावून पाहावी. व्हीपीएनने ती सुधारली तर कारण बहुधा आपल्या पुरवठादाराकडे किंवा त्याच्या एखाद्या भरलेल्या जोडणीकडे आहे; सुधारली नाही तर दोष बहुधा पलीकडचा किंवा घरातल्या वायफायचा. हे तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी करून वेळेसह नोंद ठेवावी, आणि तक्रार करताना ‘नेट हळू आहे’ असे न लिहिता ती नोंद जोडावी. ‘नेट हळू आहे’ या तक्रारीला आम्ही राउटर बंद करून चालू करायला सांगतो. नोंद जोडलेली तक्रार मात्र पहिल्या टेबलावर मिटत नाही, ती माझ्यापर्यंत येते.